डीप स्पेस नाइन: निगेटिव्ह पुन्हा स्कॅन व्हावी, की एआयने मोठी केलेली प्रत पुरे?

रीळवाला (धागाकर्ता)

'स्टार ट्रेक: डीप स्पेस नाइन' ही अंतराळातल्या स्टेशनवरची अमेरिकन विज्ञानकथा मालिका १९९३ ते १९९९ चालली, एकूण १७६ भाग. आज ती कुठेही लावा, चित्र येतं ते ४८० ओळींच्या व्हिडिओ मास्टरवरूनच. अधूनमधून कुणीतरी एआयने मोठी केलेली क्लिप टाकतं, खाली 'कंपनीला जमलं नाही ते एका माणसाने घरी बसून केलं' अशी वाहवा होते आणि शेवटी सूर लागतो की कंपनीनेही हेच करून ब्लू-रे काढावी. मला हे साफ नामंजूर आहे.

आधी दुखणं समजून घ्या. मालिका ३५ मिमी फिल्मवर चित्रित झाली, आणि त्या फिल्मवर एचडीला पुरून उरेल इतका तपशील असतो. पण संकलन फिल्मवर झालं नाही. निगेटिव्ह टेलिसिनेवर (फिल्मचा व्हिडिओ करणाऱ्या यंत्रावर) चढवून तिची टेप केली, कट टेपवर मारले, यानांचे शॉट, ट्रान्सपोर्टरची झगमग, फेझरचे किरण हे सगळं टेपवरच जोडलं. म्हणजे 'पूर्ण झालेला भाग' फिल्मवर कधी जन्मालाच आला नाही. १९६६ ची मूळ मालिका शेवटपर्यंत फिल्मवर तयार व्हायची, म्हणून तिचे ७९ भाग तुलनेने सुखाने एचडीत आले.

'नेक्स्ट जनरेशन' या स्टार ट्रेकच्याच आधीच्या मालिकेलाही हेच दुखणं होतं. तरी ते काम झालं, आणि २०१२ ते २०१४ मध्ये सातही सीझन ब्लू-रेवर आले. त्यासाठी निगेटिव्हचे पंचवीस हजारांहून जास्त डबे धुंडाळले गेले. टेपवरचा प्रत्येक कट पाहून तोच टेक निगेटिव्हवर शोधायचा, स्कॅन करायचा, त्याच फ्रेमवर कापायचा, रंग नव्याने लावायचे. यानाच्या एका शॉटसाठी मॉडेल त्याच कॅमेराचालीने तीन-चार वेळा चित्रित झालेलं असतं: एकदा नुसतं यान, एकदा खिडक्यांचे दिवे, एकदा इंजिनाची चमक, एकदा मॅटसाठी, म्हणजे यानाचा आकार पार्श्वभूमीतून कापून काढण्यासाठी. या सगळ्या फिल्म शोधून संगणकावर परत एकावर एक बसवल्या. काही सेकंदांची फिल्म मिळालीच नाही, तेवढी टेपवरून मोठी केली. तो तुकडा आला की कुणी न सांगताही कळतं.

आता एआय. ४८० ओळींच्या चित्रात कार्डॅशियन या परग्रहवासीयांच्या मानेवरच्या कडा आठ-दहा पिक्सेलमध्ये संपतात. त्यातून कातडीची रंध्रं 'परत मिळत' नाहीत. प्रोग्रॅमने दुसऱ्या लाखो चेहऱ्यांवर जे पाहिलं, त्यावरून तो अंदाज रंगवतो. आडातच नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? आकार बदलणाऱ्या ओडोचा चेहरा मुद्दाम गुळगुळीत ठेवलाय, कारण त्याला माणसाचा चेहरा नीट घेता येत नाही. एआयच्या प्रतीत सगळेच ओडो दिसायला लागतात आणि मेकअपचा तो सगळा विचार पाण्यात जातो.

निगेटिव्ह आहे का, हा प्रश्नही आता उरलेला नाही. २०१९ मध्ये या मालिकेवर जो माहितीपट आला, त्यासाठी मूळ निगेटिव्हचे तुकडे नव्याने स्कॅन केले होते. फरक आंधळ्यालाही दिसावा इतका आहे.

पै पै हिशेब

धागाकर्त्यांचं तंत्र बरोबर आहे, पण अर्थशास्त्र त्यांनी उंबऱ्याबाहेरच ठेवलंय. आडात पाणी आहे हो. दोर कुणी सोडायचा?

३५ मिमीचं १००० फुटी रीळ २४ फ्रेमच्या वेगाने साधारण ११ मिनिटं चालतं. भाग ४५ मिनिटांचा. शूटिंगचं प्रमाण दहास एक धरलं (हे गृहीतक आहे, प्रत्येक दिग्दर्शकाचं वेगळं), तर एका भागामागे ४५० मिनिटं, म्हणजे ४० रिळं. १७६ भागांची सात हजारांवर. ही फक्त नटांची. मॉडेल आणि निळ्या पडद्याची रिळं वेगळी. स्कॅन वापरलेल्या तुकड्यांचंच करायचं असलं तरी ते शोधायला डबे सगळे उघडावे लागतात.

आणि खरा खड्डा पुढे आहे. नेक्स्ट जनरेशनमधली यानं बहुतांश मॉडेलची होती, म्हणून फिल्म मिळाली की काम फत्ते. डीप स्पेस नाइनमध्ये वर्महोल (अंतराळातला बोगदा) पहिल्या भागापासून संगणकी आहे. ओडो वितळतो तेही संगणकी. स्टेशनचं सहा फुटी मॉडेल होतं हे खरं, पण मालिकेतलं डोमिनियन युद्ध तापल्यावर ताफेच्या ताफे संगणकात शिरले. १९९७ चा 'सॅक्रिफाइस ऑफ एंजल्स' आठवा, पडदाभर यानं. ती चित्रं टीव्हीच्या मापानेच रेंडर झाली. त्यांना निगेटिव्ह नाही. नव्याने करायची तर दोनच वाटा.

पहिली, लाइटवेव्ह या त्रिमितीय चित्रांच्या प्रोग्रॅमच्या जुन्या फाइली मिळवणं. नुसती मॉडेलची फाइल पुरत नाही. सीनची फाइल हवी, टेक्स्चरची (मॉडेलवर चढवायच्या पृष्ठभागाची) सगळी चित्रं हवीत, त्या वेळचे प्लगइन हवेत. एक टेक्स्चर सापडलं नाही की यानाचा तो भाग करडा येतो. सगळं सापडलं तरी ४८० ओळींसाठी रंगवलेलं टेक्स्चर १०८० ला डागाळलेलं दिसतं, म्हणजे तेही परत रंगवा. दुसरी वाट, सगळं कोऱ्यापासून बांधणं.

नेक्स्ट जनरेशनच्या डिस्कची विक्री अपेक्षेइतकी झाली नाही, हे त्या कामाशी जोडलेल्या लोकांनीच जाहीरपणे सांगितलंय. लोकप्रिय मालिकेची ही गत, तर तिच्याहून कमी खपणाऱ्या आणि जास्त खर्चाच्या मालिकेत कोण हात घालेल? त्यापेक्षा चांगला एआय अपस्केल करून विषय संपवावा. नाकापेक्षा मोती जड कशाला?

कोरी पाटी

एक बाळबोध प्रश्न. डीव्हीडीवरून एआयने केलेल्या काही प्रती फार छान दिसतात आणि काही अगदी मेणाच्या पुतळ्यांसारख्या. प्रोग्रॅम एकच असताना असं का? आणि यान सरकताना मधेच अडखळतं ते कशाने?

विषम फील्ड

@कोरी पाटी, बाळबोध नाही, मुद्द्याचा प्रश्न आहे. बरेच लोक डीव्हीडीची फाइल सरळ एआयच्या तोंडी देतात. निम्मा नाश तिथेच.

फिल्म सेकंदाला २४ फ्रेमची, अमेरिकन टीव्ही जवळपास ६० फील्डचा. फील्ड म्हणजे एक सोडून एक ओळींचं अर्धं चित्र. म्हणून टेलिसिने एका फ्रेमची दोन फील्ड करतो, पुढच्या फ्रेमची तीन, परत दोन, परत तीन. फिल्मच्या चार फ्रेमच्या व्हिडिओच्या पाच होतात आणि त्या पाचांपैकी दोन फ्रेममध्ये दोन वेगळ्या क्षणांची फील्ड गुंतलेली असतात. कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसतात त्या याच. आता मेख बघा: हे सगळं झाल्यावर टेपवर कट मारलेत. त्यामुळे दर कटला पाचाचा ताल तुटतो आणि नव्या जागेपासून सुरू होतो. 'दर पाचवी फ्रेम फेका' असा ठोकळ नियम इथे चालत नाही.

वर यानांचे काही शॉट टेपवरच जोडलेले, म्हणजे त्यात २४ चा ताल नाहीच. तिथे ३० खऱ्या फ्रेम किंवा ६० खरी फील्ड आहेत. अशा शॉटमधून पाचवी फ्रेम फेकली की खरी हालचाल फेकली जाते. यान अडखळतं ते इथे.

क्रम असा ठेवा.

डिस्क अमेरिकन, एनटीएससी घ्या. आपल्याकडे मिळायच्या त्या पाल, म्हणजे ५० फील्डच्या टीव्ही पद्धतीच्या, डिस्क. एनटीएससी मास्टरवरून बदलून केलेल्या पाल प्रतीत ६० ची ५० फील्ड करताना शेजारची फील्ड एकमेकांत मिसळलेली असतात. भुतासारखी दुहेरी कड दिसते ती निघत नाही. ५७६ ओळी जास्त म्हणून खूश होऊ नका.

मग एव्हीसिंथ किंवा व्हेपरसिंथ या व्हिडिओच्या प्रोग्रॅममध्ये टीएफएम फिल्टरने फील्ड जुळवा आणि टीडेसिमेट (जादा फ्रेम काढणारा फिल्टर) दोन फेऱ्यांत चालवा. पहिली मोड ४, ती फक्त मोजमाप लिहून ठेवते. दुसरी मोड ५, हायब्रिड २. फिल्मचे भाग २३.९७६ ला उतरतात, टेपवरचे २९.९७ ला राहतात, आणि सोबत टाइमकोडची फाइल मिळते. एमकेव्ही बांधताना ती द्यायला विसरलात तर आवाज आणि ओठ यांची फारकत होते. ६० फील्डचे तुकडे असतील तर तेवढेच वेगळे काढून क्यूटीजीएमसी या फील्डच्या पूर्ण फ्रेम करणाऱ्या फिल्टरमधून काढा.

डाव्या-उजव्या बाजूचे आठ-आठ पिक्सेल कापून ७२० चे ७०४ करा. शेवटचं माप १४४० × १०८०. १९२० करून बाजूला ताणलंत तर नायक सिस्को रुंद होतो आणि स्टेशन लंबगोल.

एआयला दुप्पट मोठं करायला सांगा, चौपट नको. ९६० वरून १०८० ला लँक्झॉस या साध्या गणिती पद्धतीने न्या. मेणाचे पुतळे होतात ते बहुतेक वेळा 'नॉइज काढा' आणि 'चेहरे सुधारा' हे दोन्ही खटके चालू ठेवल्याने. चेहरे सुधारणारा खटका कायमचा बंद ठेवा. क्लिंगन या परग्रहवासीयाचं कपाळ त्याला जखम वाटतं. नॉइज काढणं अगदी हलकं, नाहीतर तारांगणातले बारीक तारे धूळ समजून पुसले जातात. मोठं केल्यावर वरून थोडा ग्रेन (फिल्मसारखे कण) घाला.

रंगाचं सगळे विसरतात. डीव्हीडी ६०१ मॅट्रिक्सची (मॅट्रिक्स म्हणजे रंग साठवायचं सूत्र), एचडी ७०९ ची. बदल न करता फाइल १०८० केली की प्लेअर तिला ७०९ समजतो आणि कमांडच्या गणवेशाचा लाल नारिंगीकडे झुकतो. सगळं काम १६ बिटमध्ये करा आणि साठवताना १० बिट एक्स२६५ कोडेक, सीआरएफ (दर्जाचा आकडा) १६ ते १८. आठ बिटात ठेवलंत तर नेब्युलात पायऱ्या दिसतात.

हे केलेली प्रत टीव्हीवर लावली की ५५ इंचाला चित्र शांत, स्वच्छ येतं. धागाकर्ते, फरकाचा बराचसा वाटा एआयचा नाहीच, फील्ड नीट जुळवल्याचा आहे. तेवढं तरी कंपनीने करावं, ही मागणी तुम्हाला कशी नामंजूर?

रीळवाला

@विषम फील्ड, ती अजिबात नामंजूर नाही. फील्ड जुळवणं म्हणजे गुंता सोडवणं. त्यात नवं काही घातलं जात नाही. माझा आक्षेप दुप्पट करणाऱ्या पायरीला आहे, आणि त्याहून जास्त 'रिमास्टर' या शब्दाला. घरी करा, जरूर करा. पण कंपनीने अपस्केल विकली की पुढची वीस वर्षं 'एचडी तर झाली की' म्हणून निगेटिव्हच्या डब्यांकडे कुणी बघणार नाही. फिल्म कायम टिकत नाही. ॲसिटेटची असेल तर गोदामात ऊब आणि दमट हवा मिळाली की व्हिनेगरचा वास सुटतो, फिल्म आक्रसते, आणि आक्रसलेली फिल्म स्कॅनरच्या दात्यांवर नीट बसत नाही. थांबण्याला किंमत आहे, ती हिशेबनिसांच्या वहीत दिसत नाही.

शोधाशोधीबद्दलही एक. कोडॅकने १९९० पासून निगेटिव्हच्या कडेला यंत्राला वाचता येईल असा बारकोड छापायला घेतला. नेक्स्ट जनरेशन १९८७ ला सुरू झाली, तिच्या पहिल्या सीझनांना ती सोय नव्हती. कडेचे आकडे डोळ्यांनी वाचा, नाहीतर चित्र जुळवा. १९९३ नंतरच्या फिल्मवर बारकोड असेल आणि टेलिसिनेच्या नोंदी शाबूत असतील, तर टेक शोधायचं काम बरंच आटोक्यात येतं. सात हजार रिळं ऐकून घाबरायचं कारण नाही.

पै पै हिशेब

'असेल', 'शाबूत असतील'. या दोन शब्दांवर कोण पैसे लावतं ते सांगा.

स्टेशनमास्तर

भांडण दोन टोकांचं चाललंय, मधली वाट कुणी धरत नाही. 'बॅबिलॉन ५' घ्या. तीही स्टेशनवरचीच, १९९४ ते १९९८, ११० भाग, आणि तिचं संगणकी काम डीप स्पेस नाइनपेक्षा कितीतरी जास्त. सुरुवातीला तर अमिगा संगणकावर व्हिडिओ टोस्टर आणि लाइटवेव्ह.

तिच्यावर आधी काय अन्याय झाला ते बघण्यासारखं आहे, कारण 'थोडं मोठं करून घेऊ'चे परिणाम त्यात दिसतात. नटांचं चित्रण सुपर ३५ वर (फिल्मची पूर्ण रुंदी वापरणारी पद्धत), पुढेमागे रुंद पडद्यावर दाखवता येईल अशा बेताने. संगणकी शॉट मात्र ४:३ मध्येच रेंडर झाले. डीव्हीडी काढताना मालिका १६:९ करायची ठरली. नटांच्या साध्या शॉटला फिल्मवर रुंदी होती, ती वापरली. संगणकी शॉटला रुंदी नव्हती, मग वरखाली कापलं. ४८० ओळींतल्या ३६० उरल्या, त्या ताणून पडदा भरला. आणि केवळ यानंच नव्हे. ज्या शॉटमध्ये नटांच्या मागे संगणकी खिडकी आहे किंवा एक दृश्य दुसऱ्यात विरघळतं, तेही सगळे कापलेले. संवाद चालू असताना मधेच चित्र धुकट होतं आणि कट आला की परत लख्ख. वर्षानुवर्षं लोक डिस्कला किंवा प्लेअरला दोष देत बसले.

२०२१ मध्ये तिची नवी प्रत आली, २०२३ च्या डिसेंबरात ब्लू-रे. या वेळी काय केलं? निगेटिव्ह ४के वर स्कॅन करून एचडीत आणली, डाग-ओरखडे काढले, रंग नव्याने. संगणकी शॉट नव्याने बांधले नाहीत, आहेत तेच मोठे केले. आणि सगळं मुकाट ४:३ मध्ये ठेवलं. निगेटिव्हमधले चेहरे खणखणीत, यानं जरा मऊ. पण कापणी नसल्याने मऊपणा डोळ्यांत खुपत नाही.

डीप स्पेस नाइनला हेच लावा. नटांचे शॉट निगेटिव्हवरून, मॉडेलचे शॉट फिल्म सापडली तर फिल्मवरून, आणि संगणकी तेवढे विषम फील्ड सांगतात तसे मोठे करा. हिशेबनिसांचा सगळ्यात मोठा खड्डा बुजतो, रीळवाल्यांची निगेटिव्ह स्कॅन होते. दगडापेक्षा वीट मऊ.

रुंदपडदा

वीट मऊ खरी, पण ४:३ कशाला? सगळ्यांच्या घरी रुंद टीव्ही आहेत. दोन्ही बाजूंना काळे पट्टे बघत बसायचं? फिल्मवर जास्तीची रुंदी असते, ती उघडून १६:९ करून टाकावी.

स्टेशनमास्तर

@रुंदपडदा, ती हौस 'बफी' या व्हँपायरांच्या मालिकेवर भागवून झाली आहे. ती विज्ञानकथा नव्हे, पण धडा तोच. २०१४ मध्ये एचडी आणि रुंद प्रत काढली. कडा उघडल्या तर कडेला उभी माणसं आणि दिव्यांचं सामान चौकटीत आलं. जिथे ते टाळायला वरखाली कापलं, तिथे डोकी गेली. शिवाय दिवसा चित्रित करून संकलनात काळोखी केलेले शॉट नव्या स्कॅनमध्ये दिवसासारखे लख्ख, आणि व्हँपायर उन्हात भटकताना दिसतात! निगेटिव्हवर फक्त चित्रण असतं. रात्र टेपवर केलेली होती. म्हणून नुसतं स्कॅन म्हणजे काम झालं असं नाही. जुनी टेप शेजारी लावून शॉटमागून शॉट रंग जुळवावे लागतात.

डीप स्पेस नाइनमध्ये हे आणखी नाजूक, स्टेशनवरच्या क्वार्कच्या बारमधला निम्मा परिणाम अंधाराचाच आहे.

निळी पेटी

रीळवाल्यांच्या 'नवं काही घालायचं नाही' या तत्त्वाला माझा विरोध आहे, आणि तो 'डॉक्टर हू' या बीबीसीच्या जुन्या विज्ञानकथा मालिकेच्या बाजूने. तिथे निगेटिव्हकडे परत जायची सोयच नाही. मालिकेचा बराच भाग स्टुडिओत टेपवर झाला. टेप महाग, म्हणून बीबीसीने त्या पुसून परत वापरल्या. परदेशी विकायला टीव्हीच्या पडद्यासमोर फिल्म कॅमेरा ठेवून १६ मिमी प्रती काढल्या होत्या, त्यातल्या परत आल्या तेवढ्या वाचल्या. २०१३ मध्ये नायजेरियातल्या जोस शहरात नऊ हरवलेले भाग मिळाल्याचं जाहीर झालं, तेही फिल्मचे डबेच. त्या प्रतीत ५० फील्डची सळसळ २५ फ्रेमवर आलेली, आणि सत्तरच्या दशकातले काही रंगीत भागही फक्त कृष्णधवल उरलेले.

त्यांवर झालेलं काम बघा. पाल रंगाचा संकेत चित्रातच ४.४३ मेगाहर्ट्झच्या लहरीवर बसलेला असतो. कृष्णधवल प्रत काढताना तो गाळला नाही, तर पडद्यावर बारीक ठिपक्यांची जाळी उमटते आणि तीही फिल्मवर उतरते. फिल्म बारकाईने स्कॅन करून, पडद्याची वक्रता सरळ करून, त्या ठिपक्यांतून मूळ रंग उलगडला. 'प्लॅनेट ऑफ द डालेक्स'चा तिसरा भाग असाच, हाताने रंगवण्याची जोड देऊन, रंगात आला. 'द माइंड ऑफ एव्हिल'च्या दुसऱ्या ते सहाव्या भागात ठिपके होते, पहिल्यात नव्हते, म्हणून पहिला भाग हाताने रंगवावा लागला. हालचालीसाठी मधली फील्ड गणिताने तयार करून ५० ची सळसळ परत आणली. ती मधली फील्ड तर सरळसरळ बनवलेलीच आहेत ना? आणि प्रेक्षकांनी ती डोक्यावर घेतली.

रीळवाला

@निळी पेटी, उदाहरण झकास आहे. पण ते माझ्याच बाजूचं. ठिपक्यांतून काढलेला रंग त्याच दिवशीच्या त्याच कॅमेऱ्याचा आहे. तो संकेतात लपला होता, कुणी कल्पनेने भरला नाही. ठिपके नव्हते तिथे त्यांनी हाताने रंगवलं आणि तसं उघड सांगितलं. मधल्या फील्डचा मुद्दा मात्र मान्य. तिथे अंदाज आहे, पण आधीच्या आणि नंतरच्या दोन खऱ्या चित्रांच्या मधला. एआयचा अंदाज अनोळखी चेहऱ्यांवरून येतो. या दोघांना एका मापाने मोजू नका.

मूळ आणि नवं दोन्ही द्यायची पद्धतही काही नवी नाही. १९६६ च्या मालिकेची २००९ ची ब्लू-रे घ्या, रिमोटचं बटण दाबलं की जुनी मॉडेलं, परत दाबलं की नवी संगणकी यानं. बीबीसीने २०२४ पासून 'ब्लेक्स ७' काढायला घेतली, त्यातही बाहेरच्या दृश्यांच्या १६ मिमी फिल्म नव्याने स्कॅन आणि नवे इफेक्ट ऐच्छिक. याउलट 'रेड ड्वार्फ'ची १९९८ ची 'सुधारित' प्रत बघा, मॉडेलं काढून संगणकी यान घातलं, आणि पुढे डीव्हीडी काढताना मूळ भागच परत आणावे लागले.

जुनी टेप

अमेरिका-इंग्लंडचं भरपूर झालं. आपल्याकडे 'कॅप्टन व्योम' १९९८ चं, आणि घराघरांत त्या काळातल्या व्हीएचएस कॅसेट माळ्यावर पडून आहेत. आडातलं पाणी आटतंय ते इथे. धाग्यात हुशार लोक जमलेत म्हणून विषयाला जोडून.

कोकण-मुंबईच्या हवेत कॅसेटवर बुरशी धरते. खिडकीतून रिळाच्या कडेला पांढरी पावडर दिसली तर ती व्हीसीआरमध्ये घालू नका. हेडला लागते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला वाटली जाते. ठीक असेल ती एकदा पुढे, एकदा मागे पूर्ण फिरवून घ्या, म्हणजे ताण सारखा होतो. व्हीसीआरला एस-व्हिडिओ असेल तर तीच तार वापरा. मधे टाइम बेस करेक्टर (टीबीसी), म्हणजे ओळींची वेळ स्थिर करणारं यंत्र, हवं. नसेल तर टीबीसी असलेला जुना डीव्हीडी रेकॉर्डर नुसता मधून जायला लावा. नाहीतर चित्राच्या उभ्या कडा थरथरतात, आणि एआय त्या थरथरीला खरी रेघ समजून कोरून ठेवतं. साठवण हफयूव्हीसारख्या लॉसलेस (काहीही न गाळणाऱ्या) कोडेकमध्ये, तासाला ३० ते ४० जीबी धरा. ५७६ ओळी, ५० फील्ड जसंच्या तसं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे थेट २५ फ्रेमची एमपी४ करून कॅसेट टाकून देणं. निम्मी हालचाल तिथेच गेली. यूट्यूबवर जुन्या दूरदर्शन मालिकांच्या प्रती पाहिल्यात तर निम्म्यांत कंगव्याचे दात चित्रातच गोठलेले दिसतील. कुणीतरी फील्ड न सोडवता आकार बदलला, मग एआय काय, ब्रह्मदेव आला तरी ते सुटत नाही.

विषम फील्ड

@जुनी टेप यांना पूर्ण सहमत. एक भर: घरच्या कॅसेटला टीएफएम-टीडेसिमेट लावू नका. स्टुडिओत व्हिडिओवर केलेल्या पाल मालिकेत २४ चा ताल नसतो. सरळ क्यूटीजीएमसी, ५० फ्रेम. आणि फील्डचा क्रम तपासा. उलटा लागला तर माणसं दोन पावलं पुढे, एक मागे चालतात.

@रीळवाला, तत्त्व पुरे, परीक्षा घेऊ. प्रोमेनेडवरचा (स्टेशनच्या बाजारपेठेतला) एक रुंद गर्दीचा शॉट, एक क्लोज-अप, एक तारांगण. फक्त जुळवलेली फील्ड एका बाजूला, दुप्पट केलेली दुसऱ्या बाजूला, स्थिर फ्रेम नको, दहा-दहा सेकंद चालतं चित्र. स्थिर फ्रेममध्ये एआय नेहमीच जिंकतं. चालत्या चित्रात कातडीचा पोत फ्रेमगणिक वळवळतो की नाही ते कळतं.

पै पै हिशेब

आणि ती दहा फुटांवरून बघायची, नाक पडद्याला लावून नाही.

रीळवाला

मंजूर. फक्त गर्दीच्या शॉटऐवजी क्वार्कच्या बारचा घ्या, मागच्या स्टुलावर बारचा नेहमीचा मॉर्न बसलेला असेल असा. अंधुक उजेड, सुरकुत्यांचं रबरी तोंड, फोकसच्या बाहेर, म्हणजे एआयला यापेक्षा अवघड गिऱ्हाईक मिळायचं नाही. सात सीझन तो पडद्यावर एक शब्द बोललेला नाही. तुमच्या प्रतीत त्याचे ओठ हललेले दिसले तर पैज मी जिंकली.